शेणाची पाटी आमची, केंद्र कोणाचे?

केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. 2,481 कोटी रुपये, 1 कोटी शेतकरी, साडेसात लाख हेक्टर जमीन आणि 10 हजार जैव-निविष्ठा केंद्रे, असा हा पसारा. ज्याच्या दारात जनावर नाही, ज्याला घरी जीवामृत-बीजामृत करणे जमत नाही, अशा लहान शेतकऱ्याला ते गावातच विकत मिळावे म्हणून ही केंद्रे. एका केंद्रामागे 1 लाख रुपये, दोन हप्त्यांत. कल्पना वाईट नाही. खताच्या पोत्यासाठी सावकाराची पायरी चढणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा खर्च यातून कमी होणार असेल, तर आम्ही विरोध का करावा? आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही केंद्रे गावात कोणाच्या वाड्यात उघडणार?

जीवामृताचा हिशेब पाहा. एका एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढेच बेसन आणि मूठभर बांधावरची माती. शेण गोठ्यातले आणि गोठा जमीनवाल्याचा. पण पहाटे उठून ते शेण भरते कोण? पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्यापर्यंत नेते कोण? कितीतरी गावांत ती आमच्या वस्तीतलीच मजूर बाई असते. तिच्या आजीने हे काम शिळ्या भाकरीवर केले. आता त्याच शेणाला सरकारी अनुदान आले आहे. मग केंद्रचालक म्हणून तिचे नाव लागणार, की तिने पुन्हा फक्त पाटीच उचलायची? महाराष्ट्र सरकारने 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केले. गोठा झाडणाऱ्या मातेचा दर्जा मात्र होता तोच आहे!

आंध्र प्रदेशात नैसर्गिक शेतीचे काम महिला बचत गटांच्या आधाराने गावोगाव पोहोचले. आमच्याकडे बचत गट काय कमी आहेत? कमी आहे ती सत्ताधाऱ्यांची नियत.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीच्या जमिनीपैकी 9 टक्क्यांहून कमी जमीन अनुसूचित जातींकडे आहे. महाराष्ट्रात गायरानासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 ला सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यानंतर 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला, 14 एप्रिल 1990 पूर्वीची अतिक्रमणे नियमित करायची म्हणून. पण आजही आमच्यासारख्या वकिलांकडे पक्षकार येतात ते दंडाच्या जुन्या पावत्यांची पिशवी घेऊन. तीन पिढ्या जमीन कसली, सातबाऱ्यावर नाव नाही. आणि 15 एप्रिल 2025 पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. सातबारा नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून योजना नाही. ही अस्पृश्यता संगणकावरची आहे, एवढाच फरक.

बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हा प्रश्न मुळापासून मांडला होता. जमीन सरकारच्या मालकीची, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यायची आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे पुरवण्याची जबाबदारी सरकारवर. आजच्या राज्यकर्त्यांना त्यातले खत तेवढे आठवले. जमीन सोयीस्करपणे विसरले.

2004 पासून दादासाहेबांच्याच नावाची सबळीकरण योजना आहे. भूमिहीन कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत. ज्यांना अशी जमीन मिळाली, त्यांच्यापैकी कितीकांकडे ना बैल, ना भांडवल. जैव-निविष्ठा केंद्रावर पहिला हक्क त्यांचा आणि वस्तीतल्या महिला बचत गटांचा असायला हवा. गायरानधारकांसाठी पीकपाहणीची नोंद आणि दंडाची पावती पुरावा म्हणून धरली पाहिजे. या मागण्यांचे लेखी निवेदन ग्रामसभेत द्या, ठरावात शब्दशः लिहून घ्या आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घेतल्याशिवाय उठू नका. एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना आणि पोच आपल्या फायलीत. पुढे कोर्टात तीच पोच उपयोगी पडते.