मुळशी : गिरण्यांसाठी बुडालेली गावं

मंडळी, जयगडच्या बंदरावर मुळशीची गोष्ट कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तिचा एक धागा आपल्याच घरात येतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं पोटासाठी मुंबईला गेली, गिरण्यांत लागली. त्या गिरण्या आधी वाफेवर चालत. मग टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून वीज करायला घेतली. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईत आली, 1922 मध्ये भिवपुरीची आणि 1927 मध्ये भिऱ्याची. भिऱ्याला पाणी येतं ते मुळशीचं.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण झालं. पूर्वेकडं वाहणारं पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली कोकणात सोडलं, की त्या उंचीतूनच वीज मिळते. हिशेब चोख होता. पण खोऱ्यातल्या पन्नासेक गावांना त्याची झळ बसली आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं पाण्याखाली गेली.

लोक गप्प बसले नाहीत. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे पुढं होते. लढा तीनेक वर्षं चालला. धरण मात्र झालंच.

आता प्रश्न असा, की इथं अन्याय नेमका कुठं झाला? पैसे दिलेच नाहीत, असं नाही. जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्यानं घेतली, मोबदला ठरवला. पण आपण मोजलं काय? शेत मोजता येतं. गाव म्हणजे मात्र देऊळ, पाणवठा, सोयरिकी, अडीनडीचा शेजार. त्याचा भाव कोण काढणार? शिवाय पुष्कळ जमिनी सावकारांकडं अडकलेल्या. म्हणजे ज्याचं सगळं गेलं, त्याच्या हाती पैसाही धड पडला नाही. मुंबईचा फायदा एकत्र धरला. मुळशीचं नुकसान मात्र सात-बाऱ्यावर तुकडे करून मांडलं.

मग गिरणीतला आपला चाकरमानी दोषी का? तसं नव्हे. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, तेव्हाही नाही.

आज जयगडलाही वीज केंद्र आहे. विजेला आपला विरोध नाही, ती सगळ्यांनाच हवी. पण 'लोकहित' हा शब्द ऐकला, की आपण दोन गोष्टी विचाराव्यात : यातले लोक कोण, आणि तोटा मोजताना त्यांना बोलावलं होतं का?