ऑफर लेटरची मुदत आणि दिलेला शब्द

पेढीवर बसणाऱ्या घराण्यांतील मुले-मुली आज मोठ्या संख्येने नोकरी पत्करू लागली आहेत. कोणी सनदी लेखापाल होते, कोणी संगणक अभियंता, कोणी बँकेत जाते. गल्ल्यावरचा व्यवहार उत्तम जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना या नव्या बाजाराच्या रीतिभाती मात्र परक्या वाटतात. त्यांतील एक प्रसंग अनेक घरांत येतो. एका कंपनीचे ऑफर लेटर हाती पडलेले असते. शुक्रवारपर्यंत होकार कळवावा, असे त्यात लिहिलेले असते. आणि जिच्यावर मन जडले आहे, त्या दुसऱ्या कंपनीची शेवटची मुलाखत पुढच्या बुधवारी असते.

अशा वेळी घरातून पुष्कळदा एकच सल्ला मिळतो : “आता हो म्हणून ठेव, पुढचे पुढे पाहू.” नवल असे की, हाच सल्ला देणारे गृहस्थ इसार घेतलेला माल, दुसरा चार पैसे जास्त देतो म्हणून त्याला कधी विकणार नाहीत. बाजारात शब्दाला जी किंमत आहे, ती नोकरीच्या होकाराला का नसावी?

मुदत कशासाठी?

कंपनीने निवडलेल्या उमेदवारामागे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार थांबलेले असतात. पहिल्याचा नकार उशिरा आला, तर तोवर तेही अन्यत्र गेलेले असतात. म्हणून मुदत घातली जाते. मात्र ती उमेदवाराला इतरत्र पाहू न देण्याचे साधनही होऊ शकते. अमेरिकेतील रुग्णालयांनी नव्या डॉक्टरांच्या नेमणुकांत हेच केले. १९४५ मध्ये उमेदवाराला विचारासाठी दहा दिवस द्यावेत असे ठरले होते. १९४९ पर्यंत बारा तासही रुग्णालयांना जास्त वाटू लागले. अखेर १९५२ पासून दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमांवरून जुळणी करणारी मध्यवर्ती पद्धत आली. सामान्य नोकरीत अशी सोय नाही. तेथे उमेदवारालाच बोलावे लागते.

कायद्याची बाजू

भारतीय करार कायदा, १८७२ येथे लक्षात घ्यावा. कलम ६ प्रमाणे प्रस्तावात दिलेली मुदत स्वीकाराविना संपली की प्रस्तावही संपतो. कलम ५ प्रमाणे होकार कळवण्याची क्रिया प्रस्ताव देणाऱ्याच्या बाबतीत पूर्ण होण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो; म्हणजे मुदतीतही तो अबाधित राहीलच असे नाही. कलम ७ प्रमाणे स्वीकार निरपवाद असावा लागतो. “पगार वाढवला तरच येईन” हा स्वीकार नव्हे, तो नवा भाव सांगणे झाले. “विचारासाठी आणखी काही दिवस मिळतील का?” ही मात्र केवळ विचारणा आहे, तिने प्रस्ताव मोडत नाही. म्हणून वेळ मागताना अट घालू नये, विनंती करावी.

वेळ कसा मागावा?

पत्र मिळताच त्याच दिवशी आभाराची पोच द्यावी. मग ते बारकाईने वाचावे : निश्चित वेतन किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, परिवीक्षाकाळ किती, नोकरी सोडताना किती महिन्यांची पूर्वसूचना, बाँड आहे का.

त्यानंतर पहिला दूरध्वनी दुसऱ्या कंपनीला करावा. “माझ्याकडे एक लेखी प्रस्ताव आहे, त्याची मुदत शुक्रवारी संपते. मला आपल्याकडे काम करण्याची इच्छा आहे. मुलाखत अलीकडे घेता येईल का?” एवढे पुरे. खरोखर हवा असलेल्या उमेदवारासाठी कंपन्या मुलाखत अलीकडे आणतात. हातात नसलेला प्रस्ताव आहे असे मात्र कधीही सांगू नये. पत्र दाखवा म्हटले की उत्तर उरत नाही.

मग पहिल्या कंपनीला लिहावे : “आपला प्रस्ताव मला मोलाचा वाटतो. अन्यत्र सुरू असलेली एक निवडप्रक्रिया बुधवारी पूर्ण होत आहे. पूर्ण विचारांती दिलेला होकार पक्का असावा, म्हणून गुरुवार सायंकाळपर्यंत वेळ मिळावी ही विनंती.” नेमका दिवस सांगावा, दुसऱ्या कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. घरच्या आजारपणाची खोटी सबब तर नकोच. वाढीव मुदत मिळाली, तर तीही लेखी घ्यावी.

मुदत वाढली नाही तर?

तेव्हा प्रश्न एकच : दुसरी नोकरी कधीच मिळाली नाही, तर पहिलीत दोन वर्षे समाधानाने काढता येतील का? येत असतील तर होकार द्यावा आणि त्याच दिवशी दुसरीकडची उमेदवारी मागे घ्यावी. येत नसतील तर आदराने नकार कळवावा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू असलेल्या घराला नकार परवडेलच असे नाही. दुकानाच्या उत्पन्नाचा आधार असलेल्या घराने मात्र मुलाला थांबण्याची मोकळीक द्यावी. दोन्हीकडे अर्धवट लक्ष ठेवणाऱ्याचे ‘तेल गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ असे होते.

कंपन्याही शब्द पाळतातच असे नाही. २०२२-२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात अनेक नवपदवीधरांची रुजू होण्याची तारीख महिनोन्महिने लांबली. म्हणून सही झालेले पत्र हाती येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये. पण समोरच्याने मापात पाप केले म्हणून आपणही करावे, असे कोणत्याही पेढीवर शिकवत नाहीत. होकारानंतर अपरिहार्य कारणाने माघार घ्यावीच लागली, तर ती त्याच दिवशी स्वतः फोन करून कळवावी. रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करून बसणे हा सर्वांत वाईट मार्ग. महाविद्यालयामार्फत निवड झाली असेल, तर त्याचा फटका पुढच्या तुकडीलाही बसू शकतो. ती कंपनी पुन्हा त्या दारात येईलच असे नाही.

आई-वडिलांनी या चार दिवसांत निर्णय आपल्या हाती घेऊ नये. “पोच दिलीस का? मुदत मागितलीस का? दोन्हीकडे खरे सांगितलेस का?” एवढे तीन प्रश्न विचारावेत. होकार कोणाला द्यायचा, हे मुलानेच ठरवावे. कारण तो पाळायचाही त्यालाच आहे.