कुत्र्यांसह घराकडे, बल्गेरियातून

दिवाळी सरली की आपल्याकडचे धनगर वाडे हलतात. घोड्यावर संसार, पुढे मेंढरे, कडेने कुत्री. त्या कुत्र्यांना कोणत्याही वेशीवर कोणी कागद विचारीत नाही. युरोपात मात्र माणसापेक्षा कुत्र्याचे कागद महत्त्वाचे ठरतात, ते कसे हे पाहायचे तर चला आमच्याबरोबर बल्गेरियात.

तिकडे पुष्कळ लोक मेटाडोरएवढ्या गाडीत अंथरूण, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून हिवाळाभर उबदार मुलखात राहतात. समजा, तुम्ही त्यांपैकीच आहात. घर जर्मनीत, हिवाळा तुर्कस्तानात काढला, गाडीत दोन कुत्री आणि मे महिन्याची अखेर. घरची वाट बल्गेरियातून जाते.

पहिली गाठ कापितान आंद्रेएवो या नाक्याशी. ट्रकांची ही लांब रांग! तुमचा पासपोर्ट पाहायला अधिकाऱ्याला फार वेळ लागत नाही. कुत्र्यांचे तसे नाही. त्यांचीही निळी पासपोर्टे असतात. मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चकती बसवलेली असते. तिचा नंबर यंत्राने वाचून पासपोर्टाशी ताडून पाहतात. मग रेबीजच्या लशीची तारीख. तुर्कस्तानातून येणाऱ्या कुत्र्याला एवढ्यावर सोडीत नाहीत. लस खरोखर लागू पडली की नाही, याची रक्ततपासणी हवी. रक्त लस दिल्यावर निदान ३० दिवसांनी काढलेले असावे लागते. घरून निघण्यापूर्वीच ही तपासणी करून पासपोर्टात नोंदवून घेतली आणि पुढची लस वेळच्या वेळी दिली, तर काम झाले. विसरलात, तर रक्त काढल्यापासून तीन महिने थांबा! माणसे घरी आणि कुत्री परमुलखात, अशी पाळी येते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जाच कशाला? तिकडे रेबीज मुख्यतः कोल्ह्यांत होता. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस घालून ती रानात टाकली. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि रोग मागे हटू लागला. बल्गेरियाने २००९ पासून लशीची आमिषे विमानातून रानावर टाकली. इतका खटाटोप करून घालवलेला रोग एका कुत्र्याबरोबर परत येऊ द्यायचा का? आम्हाला तरी हा जाच वाटत नाही. पिसाळलेले कुत्रे गावात शिरले म्हणजे काय होते, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

नाका सुटला की रस्त्याच्या कराची पावती घ्यायची. पैसे युरोत. २०२६ च्या १ जानेवारीपासून तिथले जुने नाणे, लेव्ह, गेले.

मारित्सा नदीचे खोरे सपाट आणि सुपीक. दुतर्फा गहू आणि नुकती वर आलेली सूर्यफुले, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी. गावे मात्र ओस वाटतात. दारांना कुलपे, ओसरीवर एखादी आजी. १९८५ साली देशाची वस्ती ९० लाखांच्या घरात होती. २०२१ च्या शिरगणतीत ती सुमारे ६५ लाख भरली. तरुण पोरे कामाला परदेशी गेली. ऊन चढले की गाडी बंद करून कुत्र्यांना आत ठेवू नका; पत्र्याखाली ती घटकाभरात गुदमरतील.

पुढे काझानलक. इथे गुलाबाची शेती. फुले पहाटेपासून खुडतात, कारण ऊन लागले की वास उडतो. एक किलो अत्तरतेलाला साडेतीन टनांच्या आसपास फुले लागतात. खुडणाऱ्या बायकांची बोटे पाहिली की अत्तराची किंमत जास्त वाटत नाही.

तिथून शिपका घाट, हजार मीटरांहून उंच. कुरणात मेंढ्या दिसतात. कुत्र्यांना पाय मोकळे करू द्यावे म्हणून तुम्ही मेंढपाळाला खुणेने विचारता, "सोडू का?" तो मान वरखाली हलवतो. थांबा! बल्गेरियात मान वरखाली म्हणजे ‘नाही’ आणि आडवी म्हणजे ‘हो’. कळपाबरोबर काराकाचन जातीची राखणीची दांडगी कुत्री असतात. ती लांडग्याला भीत नाहीत, तुमच्या पाळीव कुत्र्याची काय कथा! दोर हातातच ठेवा.

या कुत्र्यांना नाव मिळाले ते काराकाचन नावाच्या भटक्या मेंढपाळांवरून. ते हिवाळ्यात मेंढरे घेऊन एजियन समुद्राकाठी उतरत आणि उन्हाळ्यात डोंगरात चढत, अगदी आपल्या धनगरांसारखे. पुढे देशोदेशींच्या सीमा आखल्या गेल्या आणि त्यांची वाट तुटली. १९५० नंतरच्या दशकात सरकारने त्यांचे कळप ताब्यात घेतले आणि त्यांना एका जागी बसवले.

दुपारी खानावळीत तारातोर मागवा. दह्यात पाणी, काकडी, लसूण, शेपू आणि अक्रोड. आपली काकडीची कोशिंबीर पातळ केली की तयार. दही तर त्यांच्या अभिमानाचे. त्यातले जंतू त्यांच्याच स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये शोधले.

संध्याकाळपर्यंत रुसे गाठायचे. तिथे डॅन्यूबवर १९५४ चा पूल आहे, दोन किलोमीटरांहून लांब. वरून मोटारी, खालून आगगाडी. पलीकडे रुमानिया. २०२४ अखेरपर्यंत इथेही कागद दाखवावे लागत. २०२५ च्या १ जानेवारीपासून रोजची तपासणी उठली. निळी पासपोर्टे मात्र हाताशी असू द्या. कोणी मागितलीच तर दाखवायची. घर अजून दोन-तीन दिवसांवर आहे.