कंदपुराण – भाग ७ : मागाहून फुलणारे स्नोड्रॉप

गेल्या आठवड्यात आपण ऑक्टोबरात फुलणाऱ्या ग्रीक स्नोड्रॉपपाशी थांबलो होतो. आज थेट हंगामाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. इंग्लंडात जानेवारी संपता संपता साधा स्नोड्रॉप, म्हणजे गॅलँथस निवालिस, उमलू लागतो आणि तो बघायला लोकांची रीघ लागते. ग्लॉस्टरशायरमधल्या कोल्सबोर्न पार्कसारख्या बागांत तर तिकीट काढून माणसं येतात. मार्च उजाडला की ही वर्दळ ओसरते. डॅफोडिल पिवळे होतात, प्रिमरोझ डोकं वर काढतात, आणि स्नोड्रॉपकडे कुणी वळून बघत नाही. काही जाती मात्र नेमक्या याच वेळी भरात येतात. पारख शिकायची तर याच बऱ्या, असं माझं मत. भर हिवाळ्यात उघड्या मातीतून आलेलं कुठलंही फूल सुंदरच वाटतं, ते पहिलं आलं याचेच त्याला निम्मे गुण मिळून जातात. मार्चमधल्या फुलाला ही सवलत नाही.

उशिराचं कारण कधीकधी मूळ गावी सापडतं. कॉकेशसमध्ये झाडांची हद्द संपते त्याच्याही वर, उंचावरच्या कुरणांत गॅलँथस प्लॅटिफिलस वाढतो. तिथला बर्फच उशिरा वितळतो, त्यामुळे हा एप्रिल-मेमध्ये, कधी त्याच्याही नंतर फुलतो. पण बागेत याचं जमत नाही. त्याला बर्फाखाली सलग, न मोडणारी थंडी लागते आणि मग वितळणारं पाणी. इंग्लंडचा हिवाळा कधी गोठतो, कधी पाऊस पाडतो, कधी चार दिवस ऊन दाखवतो. अशा धरसोडीत हा कंद रुसून बसतो. तेव्हा बागेत उशिरा फुलणारे म्हणून जे मिळतात, त्यांतले बरेचसे निवालिस किंवा क्रिमियातल्या गॅलँथस प्लिकेटस यांच्या वंशातले असतात. प्लिकेटस ओळखायचा पानावरून : पानाच्या दोन्ही कडा मागे दुमडलेल्या असतात, शिवणीसाठी कापड मुडपावं तशा.

हा प्लिकेटस ब्रिटनमध्ये पसरला त्यात क्रिमियन युद्धाचा (१८५३–५६) मोठा हात आहे. परतणाऱ्या सैनिकांनी सामानातून कंद आणले. नॉरफोकमधल्या वॉरम गावी असेच आलेले कंद पुढे ‘वॉरम’ नावाने प्रसिद्ध झाले : रुंद पान, मोठं फूल, आणि यायला सावकाश. आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यातली कथा याहून रंगतदार. लॉर्ड क्लॅरिना यांनी क्रिमियातून आणलेले कंद स्ट्रॅफन हाउसच्या बागेत लावले गेले. तिथल्या माळ्याच्या लक्षात आलं की एक झुबका इतरांपेक्षा वेगळा आहे. तोच आजचा ‘स्ट्रॅफन’. चांगला पोसलेला कंद एक फूल देऊन थांबत नाही. पहिलं उतरू लागलं की त्याच कंदातून दुसरा दांडा वर येतो, त्यामुळे झुबका लवकर ओका होत नाही. घ्यायचाच असेल तर पहिल्यांदा हा घ्यावा. जुना आहे, काटक आहे, आणि किंमत आवाक्यात आहे. २०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’चा एकच कंद १,३९० पौंडांना विकला गेला होता. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ‘स्ट्रॅफन’वाल्याला रात्री झोप तरी लागते!

आयर्लंडचाच दुसरा नमुना ‘हिल पो’. टिपररी परगण्यातल्या रिव्हर्स्टन या घराच्या जेवणघराच्या खिडकीखाली तो १९११ च्या सुमारास सापडला. हा दुहेरी पाकळ्यांचा. दुहेरी स्नोड्रॉप पुष्कळदा विस्कटलेले दिसतात, याचं तसं नाही. बाहेर बहुधा पाच पाकळ्या, आत हिरव्या खुणांच्या आखूड पाकळ्यांची घट्ट, नीटस बैठक. फूल खाली मान घालून असतं, म्हणून गुडघे टेकून बोटाने हलकेच उचलून बघावं लागतं. साध्या स्नोड्रॉपातही बघण्याजोगं ते आतच : तीन लांब पाकळ्यांच्या आत तीन आखूड, प्रत्येकीच्या टोकाला खाच, खाचेभोवती हिरवी कमान, आणि आतल्या अंगाला बारीक हिरव्या रेघा. पारा दहा अंशांच्या आसपास गेला की बाहेरच्या पाकळ्या फाकतात. मार्चमध्ये अशी दुपार सहज मिळते, जानेवारीत वाट बघावी लागते.

त्याच ऊबेचा तोटाही आहे. ऊन तापलं की फूल लवकर उरकतं आणि पुढे माती सुकते. फुलानंतरची पानं पुढच्या वर्षाची शिदोरी कंदात भरत असतात, आणि उशिरा फुलणाऱ्याला त्यासाठी थोडेच आठवडे मिळतात. म्हणून त्याला पानझडी झाडाखालची किंवा भिंतीच्या उत्तर अंगाची गारव्याची जागा द्यावी, कुजलेला पालापाचोळा भरपूर घालावा, आणि पानं आपसूक पिवळी पडेपर्यंत कातरी लावू नये. सावलीचा आणखी एक फायदा. वसंत सरता सरता नार्सिसस माशी कंदाच्या मानेपाशी अंडी घालते आणि अळी कंद आतून पोखरते. या माशीला उन्हातल्या उबदार जागा आवडतात, गर्द सावलीत ती कमी फिरकते. स्नोड्रॉपचा संकर करणारे आद्य बागाईतदार, सॉमरसेटचे जेम्स ॲलन यांचा संग्रह ही माशी आणि करड्या बुरशीने जवळपास संपवला. त्यांच्या हातचा ‘मॅग्नेट’ तेवढा आजही घरोघरी आहे.

लावताना सुके कंद शक्यतो टाळावेत. त्यांचं साल पातळ असतं, दुकानाच्या फळीवर ते खुळखुळीत होतात. फूल उतरल्यावर, पानं हिरवी असतानाच झुबका उपटून, मोकळा करून लगेच लावायची इंग्लंडात जुनी रीत आहे. मुळं दुखावतात अशी तक्रार हल्ली होते आणि ती खोटी नाही, पण सुक्या कंदापेक्षा हे केव्हाही बरं.

आपल्याकडे कुणी हे कंद मागवायच्या फंदात पडू नये. त्यांना महिनोन्‌महिने गारठा लागतो, महाबळेश्वरची थंडीसुद्धा पुरायची नाही. याच कुळातला आपला गडांबी कंद सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर फुलतो, त्याच्यासाठी एक भाग राखून ठेवला आहे. त्याआधी, पुढच्या आठवड्यात, तुर्कस्तान आणि जॉर्जियाच्या डोंगरांतून खणून काढल्या जाणाऱ्या रानटी स्नोड्रॉपचा व्यापार आणि त्यावरचे आंतरराष्ट्रीय निर्बंध पाहू.