केटीचा मेस-मेनू

मेसच्या मेंबरांची यादी नोटीस बोर्डावर लागते. पण त्या यादीत नाव नसलेला, एक रुपयाही फी न भरणारा एक मेंबर प्रत्येक हॉस्टेलला असतोच. आमच्याकडे एक मांजर आहे. कितीही हाकला, पुढच्या सेमला पुन्हा हजर, म्हणून तिचं नाव 'केटी'! पोरं तिला प्रेमाने काय वाट्टेल ते घालतात. भात-रस्सा, बिस्किट, दूध, मॅगीसुद्धा. प्रेमाबद्दल वाद नाही, पण आपल्याला पचतं ते मांजराला पचेलच असं नाही. यातल्या काही गोष्टी तिच्यासाठी चक्क विष आहेत.

कांदा आणि लसूण

पहिला नंबर यांचाच, कारण मेसची एकही भाजी यांच्याशिवाय होत नाही. कांद्या-लसणात गंधकाची संयुगं असतात. त्यांच्यामुळे लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन खराब होतं, पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. आपल्याला का नाही होत? या हल्ल्याला बळी पडणारे गंधकाचे गट माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूवर 2, कुत्र्याच्या 4, तर मांजराच्या निदान 8 असतात. म्हणजे डिझाइनमध्येच सेफ्टी फॅक्टर कमी!

आता थोडं गणित. वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅम कांदा पोटात गेला तरी मांजराच्या रक्तात बिघाड दिसू शकतो. 4 किलोच्या मांजराला 20 ग्रॅम पुरे, म्हणजे मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा. लसूण त्याहून जहाल. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हे विष जात नाही. त्यामुळे मॅगीचा मसाला, सूपचं पाकीट, चिकनचा रस्सा सगळं यात आलं. रश्श्यातला पीस धुऊन दिला तरी आत मुरलेलं तसंच राहतं. रोज थोडं थोडं देणंही वाईटच.

यातली फसवी गोष्ट अशी, की त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो. गेल्या वर्षी शेजारच्या ब्लॉकमधला एक बोका असाच मलूल होऊन जिन्याखाली पडून राहिला. पोरं म्हणाली, उन्हाने झालं असेल. आम्ही तिघांनी त्याला खोक्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी त्याचा ओठ वर केला. गुलाबी हवी ती हिरडी कागदासारखी पांढरी! मग विचारलं, "चार दिवसांपूर्वी काय खाल्लं होतं?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. रविवार, चिकन. बोका वाचला, पण आठवडाभर सलाईन आणि इंजेक्शनं झाली. हिरडी बघायची ही युक्ती मी तेव्हापासून लक्षात ठेवली आहे.

दूध

मांजर म्हटलं की दूध, हे आपण पहिलीच्या पुस्तकापासून ऐकतो. पण पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम बहुतेक मांजरांत कमी होत जातं. मग जुलाब. विष नाही, पण त्रास आहेच. तिला वाटीभर स्वच्छ पाणी ठेवा, बास.

चॉकलेट, चहा, कॉफी

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आणि चहा-कॉफीतलं कॅफिन मांजराच्या हृदयावर आणि मेंदूवर ताण आणतात. गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणाऱ्या रिसेप्टरचं एक जीन तिच्यात निकामी आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवलं. त्यामुळे 'तिला पण थोडं गोड' हा आग्रह वाया आहे. सबमिशनच्या रात्री कॉफीचे मग उघडे ठेवू नका, एवढंच.

नुसता डाळ-भात

डाळ-भात विषारी नाही, पण त्यावर मांजर जगत नाही. ती पक्की मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक तिला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर हृदयाचे स्नायू ढिले पडतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1987 मध्ये सिद्ध केलं. टॉरिन दिल्यावर बरीच मांजरं सुधारली. डोळ्यांचंही तसंच, टॉरिनच्या कमतरतेने पडदा खराब होतो. गाजरातून अ जीवनसत्त्व तयार करणंही तिला जमत नाही.

आणि एक गोळी

हे खाणं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. ती निकामी करणारी यंत्रणा आपल्या लिव्हरमध्ये असते, मांजरात जवळजवळ नसतेच. एका गोळीने जीव जाऊ शकतो.

मग द्यायचं काय?

सोपं आहे. चिकन शिजत असताना मसाला पडायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढायला मेसच्या काकांना सांगा. आमचे काका आधी कुरकुरले, आता स्वतःच वाटी काढून ठेवतात. मीठ नको, हाड नको, शिजलेलं हाड टोकदार फुटतं. उकडलेलं अंडं चालतं. मासळी उकडून, काटे काढून द्या. काही मासे कच्चे वारंवार दिले तर ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. अर्थात हा वरखाऊ झाला. रोजची सोय करायची असेल तर विंगने वर्गणी काढून मांजरांचंच तयार खाद्य आणावं. त्यात टॉरिन घातलेलं असतं.

हिरड्या फिक्या किंवा तपकिरी दिसल्या, लघवी गडद लाल झाली, श्वास जोरात चालू लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. उलटी काढायला मिठाचं पाणी तर अजिबात पाजू नका. काय आणि किती खाल्लं ते कागदावर लिहून, पाकीट असेल तर तेही घेऊन, थेट जनावरांच्या दवाखान्यात जा. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, बाकी ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना शोधून नंबर आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता शोधाशोध नको.