जर्मन भाषेतील आज्ञार्थ आणि कामगाराची सुरक्षितता

आज्ञार्थ हा व्याकरणातील सोपा धडा समजला जातो. परंतु जो तरुण परदेशी कारखान्यात यंत्रापुढे उभा राहणार, त्याच्या हातापायांचे रक्षण पुष्कळदा याच धड्यावर अवलंबून असते. जर्मनीत १९५५ च्या करारान्वये इटलीतून व १९६१ च्या करारान्वये तुर्कस्तानातून कामगार गेले. २०२४ साली महाराष्ट्र शासनानेही बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. तेव्हा हा विषय मराठी घरांना आता परका राहिलेला नाही.

मराठीत ‘तू घाल’ आणि ‘आपण घाला’ असा भेद आहे, तसाच जर्मनमध्येही आहे. बरोबरीच्या सोबत्याला ‘ट्रागे’ म्हणजे ‘घाल’ म्हणतात. अपरिचिताला किंवा मानाने सांगावयाचे असल्यास ‘ट्रागेन झी’ म्हणतात. ‘झी’ म्हणजे ‘आपण’. मराठीत हे सर्वनाम गाळले तरी चालते. जर्मनमध्ये या रूपात ते गाळता येत नाही.

फलकांवर मात्र ‘तू’ही नसतो आणि ‘आपण’ही नसतो. तेथे ‘शुट्सहेल्म ट्रागेन’, म्हणजे ‘शिरस्त्राण घालणे’, असे क्रियापदाचे मूळ रूपच लिहितात. आपल्याकडील ‘हात लावू नये’ या पाटीप्रमाणे ही सूचना कोणा एकाला नसते, म्हणून ती साहेबापासून उमेदवारापर्यंत सर्वांना लागू पडते. विजेच्या कामाचे पाच नियम तेथे याच रूपात शिकवितात: पुरवठा तोडणे, तो पुन्हा सुरू होणार नाही असा बंदोबस्त करणे, वीज उरली नाही याची खात्री करणे, अर्थिंग व शॉर्टसर्किट करणे, आणि शेजारचे वीज वाहणारे भाग झाकणे किंवा अडविणे. हा क्रमही नियमाचाच भाग आहे.

शिकणाऱ्याने दोन ठिकाणी विशेष जपावे. ‘शाल्टेन झी डी माशीने आउस’ म्हणजे यंत्र बंद करा. परंतु शेवटी ‘आउस’ऐवजी ‘आइन’ आले, तर तेच वाक्य ‘यंत्र चालू करा’ असे होते. सारा अर्थ शेवटच्या शब्दात असतो. म्हणून वाक्य पुरे होईपर्यंत बटणाकडे हात नेऊ नये.

दुसरे ठिकाण इंग्रजी जाणणाऱ्यास अधिक फसविते. ‘मुस निश्त’ हे शब्द ‘मस्ट नॉट’सारखे ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ ‘करण्याची गरज नाही’ असा आहे. मनाईसाठी ‘डार्फ निश्त’ म्हणतात, आणि पाटीवर ‘फेरबोटेन’, म्हणजे ‘निषिद्ध’, असे असते. गरज नसणे आणि मनाई असणे यांतील अंतर कारखान्यात फार मोठे आहे.

जर्मनीतील १९९६ च्या कायद्याप्रमाणे कामगारास सुरक्षिततेचे शिक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. घातक पदार्थांविषयीच्या सूचना तर कामगारास समजेल अशा भाषेत द्याव्या लागतात. तेव्हा न समजल्याचे सांगण्यात कमीपणा नाही. आपल्याकडील मुलांना वडीलधाऱ्यांपुढे मान डोलावण्याची सवय असते. यंत्रापुढे ती घातक ठरते. म्हणून साऱ्या आज्ञार्थांच्या आधी एक वाक्य पाठ करावे: ‘इश हाबे दास निश्त फेरश्टांडेन’, म्हणजेच, ‘मला हे समजले नाही.’ हे वाक्य धीटपणे म्हणता येणे, हाच परक्या भाषेतील सुरक्षिततेचा पहिला धडा होय.