रीम बेटावरून पाहिलेली दहा वर्षांची हवा

9 मार्च 2016 रोजी अबू धाबीवर वादळ चालून आले तेव्हा अल रीम बेटावर जागोजाग बांधकामे सुरू होती. अल बतीन विमानतळावर वाऱ्याचा वेग ताशी 120 किलोमीटरच्या वर गेला. रस्ते पाण्याखाली गेले, अबू धाबी शेअर बाजाराने व्यवहार थांबवले, दुसऱ्या दिवशी शाळा बंद राहिल्या. वाळवंटातला पाऊस म्हणजे गॅलरीत उभे राहून कौतुकाने बघायची गोष्ट, अशी इथल्या बहुतेकांची तोवर समजूत होती. त्या दिवशी ती मोडली. परांच्या, क्रेन आणि पत्र्याची कुंपणे यांच्यामधून असा वारा सुटला की तो कौतुकाचा विषय राहत नाही.

तेव्हापासून जगभरच्या टोकाच्या हवामानाचा माग ठेवण्याची सवय मला लागली. कुठे किती अंश, किती मिलिमीटर, जुना विक्रम कुठला, हे बघताना दिवस कसा जातो कळत नाही. पण दहा वर्षांची ही जंत्री एकत्र ठेवली की आकड्यांपेक्षा वेगळेच काही ठळक दिसते. सर्वात मोठा आकडा जिथे नोंदला गेला तिथेच सर्वाधिक माणसे गेली, असे फार कमी वेळा घडले. माणसे गेली ती जिथे इशारा उशिरा पोचला तिथे, आणि इशारा ऐकूनही ज्यांना काम थांबवता आले नाही अशांमधली.

रीम हे अबू धाबीच्या मुख्य बेटाला अगदी खेटून असलेले, पुलांनी जोडलेले बेट. गेट टॉवर्स, सन आणि स्काय टॉवर, सोर्बोन विद्यापीठ, मधून जाणारा कालवा आणि चारी बाजूंना समुद्र. 2023 साली इथल्या रीम मॉलमध्ये उणे 2 अंशांचे बर्फाचे उद्यान सुरू झाले. बाहेर 45 अंश असताना मुले आत बर्फात खेळतात. पण इथला उन्हाळा घरातल्या नळावरच कळतो. जुलै-ऑगस्टमध्ये थंड पाण्याच्या तोटीतून कढत पाणी येते. मग गीझर बंद ठेवायचा, त्याच्या टाकीत पाणी घरातल्या एसीमुळे निवू द्यायचे आणि अंघोळीला ते वापरायचे, ही युक्ती इथे आलेल्या प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी सांगते. सकाळी खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूने पाणी ओघळत असते, कारण काच आतल्या एसीने गार झालेली असते आणि बाहेरची हवा दमटपणाने भरलेली.

हा दमटपणा हेच इथल्या उष्णतेचे खरे स्वरूप आहे. आखाताचा समुद्र उथळ आहे, सरासरी खोली सुमारे 35 मीटर. त्यामुळे उन्हाळ्यात त्याचे पाणी 35 अंशांपर्यंत तापते आणि किनाऱ्याची रात्रही निवत नाही. अल ऐनच्या वाटेवरचे स्वेहान दरवर्षी बातम्यांत येते: 6 जून 2021 रोजी 51.8 अंश, 24 मे 2025 रोजी 51.6 आणि 1 ऑगस्ट 2025 रोजी पुन्हा 51.8. त्या मानाने किनाऱ्यावरचा पारा बऱ्याचदा पाच-सहा अंशांनी खाली असतो. पण स्वेहानच्या कोरड्या हवेत घाम सुकतो आणि शरीर निवते. किनाऱ्यावर तो अंगावरच राहतो. जेरेमी पाल आणि एल्फातिह एल्ताहिर या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले होते, की हरितगृह वायूंच्या प्रदूषणाला आळा बसला नाही तर या शतकाच्या अखेरीपर्यंत आखाती शहरांतले काही दिवस धडधाकट माणसालाही सावलीत बसून सोसता येणार नाहीत. त्यांनी नावे घेतलेल्या शहरांत अबू धाबी होते.

विक्रमांचा नाद असणाऱ्याने आकडा तपासायलाही शिकावे लागते. लिबियातल्या अल अझिझियाचा 58 अंशांचा विक्रम जागतिक हवामान संघटनेने 2012 मध्ये रद्द केला, तोही नोंद होऊन नव्वद वर्षे झाल्यावर. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि ते चित्र घराघरांतल्या गटांवर फिरले. ते यंत्रातल्या दोषामुळे झाल्याचे हवामान विभागाने सांगितले. उलट कॅनडातल्या लिटन गावाचे 49.6 अंश खरे होते. 29 जून 2021 ला तो विक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी वणव्यात ते गाव जवळपास सगळे जळाले.

2021 चे ते वर्ष मराठी माणसालाही विसरता येणार नाही. 22 जुलैला चिपळूण बुडाले आणि त्याच संध्याकाळी महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. इथे बसून फोन लावत राहायचे आणि चिपळूणचा फोन लागत नाही, एवढेच कळायचे. परदेशातल्या कोकणी माणसांनी तो दिवस असाच काढला. पुढच्या वर्षी, जुलै 2022 च्या अखेरीस, अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर फुजैराला दोन दिवसांत अडीचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. सात मृतदेह सापडले, सगळे आशियाई देशांतून आलेल्यांचे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इराकमधून आलेल्या धुळीने अबू धाबीचे मनोरे दिवसभर झाकले होते. तोवर मी धूळ, धुके, ऊन आणि पाऊस असे वेगवेगळे रकाने करत असे. फुजैरानंतर त्यात एक रकाना वाढला: गेलेली माणसे त्या वेळी कुठे होती आणि का होती?

या प्रश्नाचे सर्वात बोचरे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखोंचा समुदाय सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसला आणि उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. परिसरातले तापमान 38 अंशांच्या आसपास होते. चंद्रपूर किंवा जळगावच्या माणसाला उन्हाळ्यात तो आकडा किरकोळ वाटेल. पण किनाऱ्यावरचा दमटपणा, डोक्यावर छप्पर नाही आणि मधेच उठून जाण्याची सोय नाही, एवढे जमून आले की 38 अंशही जीव घेतात. पुढच्या वर्षी जूनमध्ये हजयात्रेत मक्केला 51.8 अंशांची नोंद झाली आणि 1,300 हून अधिक यात्रेकरू दगावले. सौदी सरकारने दिलेल्या माहितीनुसार त्यातले बहुसंख्य लोक परवान्याशिवाय आलेले होते. म्हणजेच वातानुकूलित तंबू आणि बसगाड्या ज्यांच्या वाट्याला आल्या नाहीत असे.

2024 चे वर्ष अमिरातीत सुरुवातीपासूनच वेगळे गेले. फेब्रुवारीत अल ऐनला मोठाल्या गारा पडून गाड्यांच्या काचा फुटल्या. 13 फेब्रुवारीला झायेद स्पोर्ट्स सिटीत पंतप्रधान मोदींचा कार्यक्रम होता; खराब हवेमुळे तो आवरता घ्यावा लागला. अबू धाबीच्या मंदिराच्या उद्घाटनासाठी आलेल्या भारतातल्या पाहुण्यांना वाळवंटात छत्री घेऊन फिरावे लागले.

मग 16 एप्रिल आला. अल ऐन भागातल्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पाऊस झाला. 1949 पासून या प्रदेशात नोंदी ठेवल्या जातात, त्यांतला हा उच्चांक. दुबई विमानतळावर दिवसभरात 142 मिलिमीटर पडला. तिथली वर्षाची सरासरी 95 च्या आसपास आहे. धावपट्ट्यांवर विमाने पाण्यातून चालताना दिसली आणि पुढच्या दिवसांत दोन हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. रीमवर अल ऐन-दुबईइतका पाऊस नव्हता. तरी मोबाइलवर सरकारी इशाऱ्याचा भोंगा घरातल्या सगळ्या फोनमधून एकदम वाजला. मुलांची शाळा आधीच ऑनलाइन झाली होती. खिडकीच्या चौकटीतून पाणी आत झिरपत होते आणि घरोघरी टॉवेल पिळले जात होते. पुढचे काही दिवस टँकर रस्त्याकडेला उभे राहून जाड नळ्यांनी साचलेले पाणी ओढून नेत होते. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या शहरांत पावसाळी गटारे पुरेशी असणार कशी?

पाऊस कृत्रिम होता, ढगांवर मीठ फवारल्याने तो आला, अशी हाकाटी लगेच झाली. अमिराती गेली वीसहून अधिक वर्षे हा प्रयोग करते, हे खरे आहे. पण त्या वादळात असे काही केले नसल्याचे राष्ट्रीय हवामान केंद्राने स्पष्ट केले. तसेही असल्या फवारणीने आधीच तयार असलेल्या ढगातून थोडा जास्त पाऊस मिळवता येतो, एवढे मोठे वादळ उभे करता येत नाही. ओमानपासून इराणपर्यंत पसरलेली ती कमी दाबाची प्रणाली होती आणि तिला तापलेल्या समुद्रांची वाफ मिळत होती. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. जागतिक संशोधकांच्या गटाने काढलेल्या निष्कर्षानुसार एल निन्योच्या वर्षांत या भागातला असा अतिवृष्टीचा पाऊस आता 10 ते 40 टक्क्यांनी अधिक जोराचा झाला आहे.

जीवितहानीचा हिशेब मात्र आकड्यांच्या क्रमाने लागला नाही. विक्रमी पाऊस अमिरातीत झाला आणि तिथे किमान चार जण गेले. ओमानमध्ये त्याच वादळात वीसच्या आसपास माणसे गेली. त्यांत शाळकरी मुले होती. वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राच्या, लोंढ्यात त्यांची गाडी वाहून गेली. सहा महिन्यांनी, 29 ऑक्टोबरला, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या तुरीसला 771 मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिलेला होता. पण लोकांच्या मोबाइलवर तो रात्री आठनंतर पोचला, तोवर गावांत पाणी शिरले होते. सव्वादोनशेहून अधिक माणसे गेली. मुंबईत 13 मे 2024 च्या धुळीच्या वादळात घाटकोपरचा जाहिरातफलक पडून 17 जण मेले. तो वारा मारक नव्हता, मारक होता तो बेकायदा उभा केलेला अजस्र फलक.

चांगली बाजूही याच दहा वर्षांत दिसली. एप्रिलच्या पुरानंतर पंधरा दिवसांनी, 2 मे 2024 ला, पुन्हा वादळ येणार असा अंदाज आला. आदल्या दिवशीच शाळा ऑनलाइन झाल्या, कार्यालयांना घरून काम करायला सांगितले गेले, लोक रस्त्यावर उतरलेच नाहीत. पाऊसही आधीइतका नव्हता, पण तयारी दिसत होती. दुबईने जून 2024 मध्ये पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी 30 अब्ज दिरहमांची योजना जाहीर केली, ती 2033 पर्यंत पूर्ण व्हायची आहे. दाट धुके पडले की अबू धाबीच्या महामार्गांवर वेगमर्यादा आपोआप ताशी 80 वर येते. धुक्यातल्या मोठ्या साखळी अपघातांतून घेतलेला हा धडा आहे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम इथे कायद्याने बंद असते. डिलिव्हरी करणाऱ्या स्वारांसाठी आता हजारो विश्रांतीची ठिकाणे आहेत. रीमवर दुपारी एक वाजता इमारतीच्या सावलीत पुठ्ठे अंथरून आडवे झालेले बांधकाम मजूर दिसतात. अजून मेचे आणि सप्टेंबर अखेरचे ऊन या नियमाच्या बाहेर आहे आणि 2025 च्या मे महिन्यातल्या पाऱ्याकडे पाहता ही मुदत वाढायला हवी. तरी नियम आहे आणि त्याची तपासणीही होते.

महाराष्ट्रातही बरेच घडले आहे, हे नमूद केलेच पाहिजे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईला डॉपलर रडारही नव्हते. आज रडार आहेत, तासातासाचे अंदाज आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी ॲप विजेचा इशारा शेतकऱ्याच्या फोनवर देते. नागपूरने उष्णतेचा कृती आराखडा भारतातल्या अनेक शहरांच्या आधी स्वीकारला. कमी आहे ती शेवटच्या पायरीवर. इशारा मिळाल्यावर रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराला, वीटभट्टीवरच्या बाईला, उन्हात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला दोन तास थांबण्याचा हक्क आजही नाही. थांबले तर रोज बुडतो, म्हणून माणूस थांबत नाही.

या दहा वर्षांत विक्रम मोडत राहिले आणि पुढेही मोडतील, कारण हवा तापते आहे. त्या बाबतीत रीम बेट किंवा महाराष्ट्र एकट्याने फार काही करू शकणार नाही. पण उन्हाळ्याच्या दुपारी मजुरी न कापता काम बंद ठेवण्याचा कायदा महाराष्ट्राला एका अधिवेशनात करता येईल. दोन दशके असा नियम चालवूनही इथली बांधकामे अडलेली नाहीत, हे या बेटावरचे मनोरे बघून कुणालाही कळेल. खारघरनंतर तो कायदा लगेच व्हायला हवा होता. निदान पुढच्या उन्हाळ्याआधी तरी तो व्हावा, आणि तो मागण्यासाठी आपापल्या आमदाराला आजच पत्र लिहा.